मामांच्या गाठीला म्हणे ‘हवा लागणार’

रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवरून हा मेसेज मंगळवार पेठेतल्या माझ्या मामांपर्यंत पोचला आणि त्यांनी फुफ्फुसातल्या कॅन्सरच्या गाठीचं ठरलेलं ऑपरेशन पुढं ढकललं. मेसेज म्हणतो: फुफ्फुसाच्या कॅन्सरला चाकू लावला की हवा लागून तो अंगभर पसरतो, डॉक्टर अख्खं फुफ्फुस काढतात, दुर्बिणीतून केलं तर गाठ मागं राहते, आणि छोटा तुकडा काढला तरी भागतं हे जपानने सिद्ध केलंय, मोठं ऑपरेशन फक्त बिलासाठी.

आधी हवेचं. अहो, फुफ्फुसात हवा नाही तर काय असतं? जन्मल्यापासून दर श्वासाला ती आत जातेच आहे. हवेनं पसरायचं असतं तर कॅन्सर ऑपरेशनसाठी थांबला असता का? ही समजूत कुठून आली तेही कळण्यासारखं आहे. सीटी, पेट स्कॅन नव्हते तेव्हा आजार पसरलाय हे कित्येकदा छाती उघडल्यावरच दिसायचं. काही न काढता टाके घालायचे, पेशंट थोड्या दिवसांत जायचा आणि खापर चाकूवर फुटायचं. या एका वाक्यापायी वेळेत सापडलेली, काढता येणारी गाठ माणसं आजही वाढू देतात. संताप येतो.

अख्खं फुफ्फुस? उजव्याला तीन लोब, म्हणजे मोठे कप्पे, डाव्याला दोन. अशा लवकर सापडलेल्या गाठीत बहुतेकदा त्यातला एक काढतात. दुर्बिणीतून केलं तरी तोच लोब निघतो, चिरा तेवढ्या लहान.

जपानचं अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतंय. तिथली १,१०६ रुग्णांची चाचणी २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. पाच वर्षांनी लोब काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के हयात होते, लोबचा फक्त एक भाग, म्हणजे सेगमेंट, काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के. पण कॅन्सर त्याच भागात पुन्हा उगवण्याचं प्रमाण सेगमेंटवाल्यांत १०.५ टक्के होतं, लोबवाल्यांत ५.४. हे मेसेजमधून गाळलंय. शिवाय त्या गाठी २ सेंमीपर्यंतच्या, फुफ्फुसाच्या कडेच्या. मामांची साडेतीन सेंमीची आहे! तो निकाल त्यांना लागू कसा होणार? आणि बिलाचं म्हणाल, तर सेगमेंट नेमका सोडवणं सर्जनला लोबपेक्षा किचकट जातं.

काल रात्री मामांसमोर फूटपट्टी ठेवून २ आणि साडेतीन सेंमी दाखवले. पेट स्कॅनमध्ये त्यांच्या लिम्फ नोड, म्हणजे कॅन्सर पसरताना बहुधा आधी जिथं पोचतो त्या छोट्या ग्रंथी, अजून स्वच्छ आहेत. सोमवारी त्यांना घेऊन नवी तारीख घ्यायला जातोय. मेसेज टाकणाऱ्या काकांना तो ग्रुपवरून काढायला आज सकाळी रंकाळ्यावर तोंडावर सांगून आलो.