मानवतावादाने राजेशाही खिळखिळी केली? नाही, झालं ते बरोबर उलट

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आलाय, आणि परवा क्लासमधल्या एका मुलीने तो जसाच्या तसा उत्तरात उतरवला तेव्हा म्हटलं आता लिहायलाच हवं. मेसेज थोडक्यात असा आहे: १४५३ ला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, तिथले ग्रीक पंडित पोथ्या घेऊन इटलीला पळाले, त्यातून मानवतावाद जन्माला आला, मानवतावादाने देवाला बाजूला सारून माणसाला मध्यभागी आणलं, त्यामुळे चर्च आणि राजेशाही दोन्ही खिळखिळ्या झाल्या आणि युरोप स्वातंत्र्याच्या वाटेला लागला.

वाचायला छान वाटतं, एका दमात सगळी गोष्ट संपते. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एकतर चुकीचं आहे नाहीतर अर्धवट आहे, आणि राजेशाहीबद्दलचं वाक्य तर पूर्णच उलटं आहे. मी इतिहास शिकवते, हा काळ माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

आधी त्या शब्दाबद्दल, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. ह्युमॅनिझमला आपण मानवतावाद म्हणतो आणि मराठीत मानवता म्हटलं की आपल्याला माणुसकी, दया, समता असं काहीतरी डोळ्यासमोर येतं. पंधराव्या शतकाच्या शेवटी इटलीतल्या विद्यापीठांत पोरं ज्याला 'उमानिस्ता' म्हणायची तो एक मास्तर होता, कायदा शिकवणारा तो 'लेजिस्ता' तसा हा 'उमानिस्ता'. शिकवायचा काय, तर व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र. प्राचीन रोमन वक्ता सिसेरो याच्यासारखं शुद्ध लॅटिन लिहायचं, मठांमधून धूळ खात पडलेल्या पोथ्या शोधायच्या, दोन-तीन प्रती शेजारी शेजारी ठेवून खरा पाठ कुठला ते ठरवायचं, हे यांचं काम. म्हणजे ते मुळात एक कसब होतं, समाज बदलायचा जाहीरनामा नव्हता, आणि कसब अंगात असलं की माणूस नोकरी शोधतो. आता लेखणीवाल्याला तेव्हा नोकरी देणार कोण, तर राजा, पोप, ड्यूक नाहीतर एखादं श्रीमंत नगरराज्य. हे डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं.

"१४५३ मुळे सुरू झालं"

ह्युमॅनिझमचा आद्य पुरुष मानला जाणारा इटालियन कवी पेत्रार्क १३७४ ला वारला. कॉन्स्टँटिनोपल पडायच्या ७९ वर्षं आधी. त्याने व्हेरोनात सिसेरोची पत्रं शोधून काढली ती १३४५ मध्ये. त्याच्याकडे होमरची ग्रीक पोथी पण आली होती पण त्याला ग्रीक वाचता येत नव्हतं, तो ती पोथी छातीशी धरायचा आणि होमर माझ्यासमोर मुका आहे की मीच बहिरा आहे अशा अर्थाचं लिहायचा. मला हे नेहमी फार हलवून जातं, पुस्तक हातात आहे आणि एक अक्षर लागत नाही.

मग १३९७ मध्ये फ्लॉरेन्सचा चॅन्सेलर, म्हणजे राज्याचा मुख्य लेखनिक, सालुताती याने क्रिसोलोरास नावाच्या ग्रीक शिक्षकाला रीतसर पगार ठरवून बोलावलं. तेव्हा लिओनार्दो ब्रुनी नावाचा तरुण कायदा शिकत होता आणि त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की कायद्याचे मास्तर काय पैशाला पासरी मिळतील, ग्रीक शिकवणारा मात्र हा एकच आहे, ही संधी घालवली तर परत येणार नाही. तो शिकला आणि पुढे स्वतःच फ्लॉरेन्सचा चॅन्सेलर झाला, १४४४ ला वारला, म्हणजे तोही १४५३ च्या आधीच. नंतर आलेल्या ग्रीक पंडितांचा हातभार लागलाच, आर्गिरोपुलोसने फ्लॉरेन्सला शिकवलं, बेसारियन तर १४५३ च्या बराच आधी इटलीत येऊन कार्डिनल झालेला, त्याने १४६८ मध्ये आपला ग्रंथसंग्रह व्हेनिसला दिला. पण हे लोक आले तेव्हा घर बांधून तयार होतं, पाया त्यांनी घातला असं म्हणता येत नाही.

"देवाला बाजूला सारलं, चर्चचा पाया खचवला"

इथे नेहमी इटालियन ह्युमॅनिस्ट लोरेन्झो वाल्लाचं नाव घेतलं जातं आणि घ्यायलाच हवं, कारण त्याचं काम खरंच जबरदस्त आहे. पोपकडे एक दानपत्र होतं, त्यानुसार सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात पश्चिमेचं सगळं राज्य पोप सिल्व्हेस्टरच्या पदरात टाकलं होतं. वाल्लाने १४४० मध्ये ते दानपत्र शब्द शब्द तपासून खोटं ठरवलं. तो काय म्हणतो बघा, या दानपत्रात रोमच्या सरदारांच्या यादीत 'सत्रप', म्हणजे इराणी सुभेदार, कुठून आले, रोमन हुकुमनाम्यात सत्रप हा शब्द कुणी कधी ऐकलाय का? आणि कॉन्स्टँटिनोपलला धर्मपीठ म्हणून उल्लेख केलाय, पण तेव्हा तिथे धर्मपीठ नव्हतं आणि त्या शहराला ते नावही अजून पडलेलं नव्हतं! आपल्याकडे एखाद्या जुन्या कागदावरची भाषा आणि गावाचं नाव बघून हा कागद नंतर बनवलाय असं जाणकार सांगतात ना, तेच हे.

आता हे तो कुणाच्या पदरी राहून करत होता ते मेसेजमध्ये कधीच नसतं. वाल्ला होता स्पेनमधल्या आरागॉनचा राजा आल्फोन्सोच्या चाकरीत. आल्फोन्सोला नेपल्सचं राज्य हवं होतं आणि पोप चौथा युजीन त्याच्या विरोधकाच्या बाजूने उभा होता. म्हणजे ज्या पोपशी आपल्या राजाचं भांडण चालू आहे त्याचा कागद खोटा ठरवणं हे त्या दरबारच्या सोयीचंच होतं. आल्फोन्सोने १४४२ मध्ये नेपल्स घेतलं, १४४३ मध्ये पोपशी समेट झाला, १४४४ मध्ये धर्मन्यायालयाने वाल्लाला चौकशीला उभं केलं तेव्हा त्याला वाचवलं ते राजानेच. आणि १४४८ ला हाच वाल्ला रोमला जाऊन पोपच्या कचेरीत नोकरीला लागला! कारण तोवर पाचवा निकोलस पोप झाला होता, आणि तो स्वतः ग्रंथवेडा, व्हॅटिकनच्या ग्रंथालयाची सुरुवात त्याचीच. दुसरा पायस तर पोप व्हायच्या आधीच नावाजलेला ह्युमॅनिस्ट होता. स्पेनमध्ये कार्डिनल सिस्नेरोसने आल्कालाला विद्यापीठ उभं केलं, हिब्रू-ग्रीक-लॅटिन पाठ शेजारी शेजारी छापलेलं प्रचंड बायबल १५१४ ते १५१७ मध्ये काढून घेतलं, आणि तोच सिस्नेरोस १५०७ पासून कॅस्टिलचा मुख्य धर्मन्यायाधीश होता, इन्क्विझिशनवाला. एकाच माणसाची ही दोन्ही कामं आहेत. वाल्लाचं पुस्तक पोपविरुद्ध उभा राहिलेला जर्मन धर्मसुधारक लुथर याने १५२० मध्ये वाचलं आणि तो पेटून उठला हेही खरंच आहे, पण तोवर ८० वर्षं गेली होती.

"राजेशाही खिळखिळी झाली"

आता मुख्य मुद्दा. ज्या काळात ह्युमॅनिझम इटलीबाहेर पसरला, साधारण १४५० ते १५५०, त्याच काळात फ्रान्स, स्पेन आणि इंग्लंडचे राजे कधी नव्हे इतके मजबूत झाले. आणि ते झाले मुख्यतः पैशाने आणि फौजेने, विचारांनी नाही, हेही स्पष्ट सांगते, नाहीतर मीही मेसेजवाल्यांचीच चूक दुसऱ्या बाजूने करेन. फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सने १४४५ मध्ये कायमची पगारी फौज उभी केली, तिच्यासाठी 'ताय' नावाचा कर कायमचा झाला, तोही दरवेळी जनसभेला न विचारता. त्याचा मुलगा अकरावा लुई, त्याने हा कर तिपटीहून जास्त वाढवला. फ्रान्सची ही जनसभा, म्हणजे इस्टेट्स जनरल, १४८४ ला भरली ती त्यानंतर पूर्ण स्वरूपात थेट १५६० मध्ये. आता हे पैसे मोजायला, पत्रं लिहायला, परदेशी दरबारात छान लॅटिनमध्ये भाषण ठोकायला माणसं लागतात, आणि इथेच आपले ह्युमॅनिस्ट येतात.

पहिला फ्रान्सिस घ्या. १५१६ मध्ये त्याने पोपशी करार करून फ्रान्समधले बिशप आणि मठाधिपती नेमायचा हक्क स्वतःकडे घेतला, केवढी मोठी ताकद आहे ही, चर्चच्या सगळ्या मोठ्या गाद्या राजा वाटणार. याच फ्रान्सिसच्या मागे लागून लागून ग्रीक पंडित ग्योम ब्युदेने १५३० मध्ये ग्रीक-हिब्रूचे राजप्राध्यापक नेमून घेतले, आजचं कॉलेज द फ्रान्स म्हणतात ते त्यातूनच उभं राहिलं. पॅरिसच्या धर्मशास्त्राच्या पंडितांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि हे प्राध्यापक टिकले ते राजाचं छत्र होतं म्हणून. १५३९ मध्ये त्याच राजाचा हुकूम निघाला की कोर्टाचे सगळे कागद यापुढे फ्रेंचमध्येच होतील. आणि एक छोटी गोष्ट मला फार आवडते, तुम्ही कॉम्प्युटरवर गॅरामाँड नावाचा फॉन्ट बघितला असेल, तर त्या क्लोद गॅरामाँडने १५४० च्या दशकात राजाच्या पैशातून ग्रीक टाइप कोरला, एका क्रीटच्या लेखनिकाच्या हस्ताक्षरावरून, त्यातली वळणं, जोडाक्षरं हुबेहूब तशीच. त्या टाइपला आजही 'राजाची ग्रीक अक्षरं' म्हणतात.

स्पेनचं तर वर्षच बघा. १४९२, जानेवारीत स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य ग्रॅनाडा पडलं, मार्चमध्ये ज्यूंना देश सोडायचा हुकूम सुटला आणि ऑगस्टमध्ये सालामांकात नेब्रिहाचं कॅस्टिलियन भाषेचं व्याकरण छापून झालं. प्रस्तावनेत तो इझाबेला राणीला सांगतो की भाषा ही कायम साम्राज्याची सोबतीण राहिलेली आहे. आणि पुढे तिथेच एक प्रसंग लिहितो, राणीने विचारलं याचा उपयोग काय, तर तो बोलायच्या आत आविलाचा बिशपच म्हणाला की आपण परक्या भाषेच्या लोकांना जिंकाल तेव्हा त्यांना आपले कायदे घ्यावे लागतील आणि कायद्यांसोबत आपली भाषाही. उत्तम लॅटिन जाणणारा, इटलीत शिकून आलेला, पहिल्या प्रतीचा ह्युमॅनिस्ट, आणि तो आपल्या व्याकरणाची किंमत राणीला या शब्दांत पटवून देतोय. 'स्वातंत्र्याची वाट' वगैरे लिहिणाऱ्यांनी ही प्रस्तावना एकदा तरी वाचावी अशी माझी हात जोडून विनंती आहे.

इंग्लंडबद्दल थोडक्यात लिहिते. सातव्या हेन्रीने १४८५ मध्ये लढाई जिंकून गादी घेतली आणि इंग्लंडचा इतिहास लिहायला पॉलिडोर व्हर्जिल नावाच्या इटालियन ह्युमॅनिस्टाला उत्तेजन दिलं. त्याच्या मुलाने, आठव्या हेन्रीने, पोपशी फारकत घेतली तेव्हा १५३३ च्या कायद्याची सुरुवातच अशी आहे की जुन्या अस्सल इतिहासांवरून आणि बखरींवरून हे स्पष्ट होतं की इंग्लंड हे एक साम्राज्य आहे. जुने कागद उकरून राजाचा हक्क सिद्ध करायचा, वाल्लाचंच हत्यार, फक्त राजाच्या हातात. नावाजलेला ह्युमॅनिस्ट टॉमस मोअर याचा १५३५ मध्ये शिरच्छेद झाला तो राजाला चर्चचा प्रमुख मानलं नाही म्हणून. लोक हे 'ह्युमॅनिस्ट विरुद्ध राजा' म्हणून सांगतात, पण त्याच वेळी पादुआला शिकून आलेला रिचर्ड मॉरिसन राजाच्या बाजूने, बंडखोरांच्या विरोधात पुस्तिका लिहीत होता. तो पण ह्युमॅनिस्टच.

"युरोप स्वातंत्र्याच्या वाटेला लागला"

मग जिथे ह्युमॅनिझमचं माहेर तिथे तरी स्वातंत्र्य वाढायला हवं होतं ना? फ्लॉरेन्सचं प्रजासत्ताक १५३० ला संपलं, १५३२ मध्ये मेदिची घराण्याचा माणूस तिथला ड्यूक झाला. मॅकियाव्हेली याच शहराचा अधिकारी होता, १५१२ ला नोकरी गेली, १५१३ मध्ये कटाच्या संशयावरून दोर बांधून छळ झाला. त्या डिसेंबरमधलं त्याचं एक पत्र आहे, दिवसभर शेतावर, गुत्त्यात पत्ते खेळत काढायचे आणि संध्याकाळी चिखलाचे कपडे उंबऱ्याशी उतरवून दरबारी पोशाख चढवायचा आणि चार तास जुन्या ग्रंथकारांशी बोलत बसायचं. त्याच पत्रात तो सांगतो की या बोलण्यातून राज्यकर्त्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलंय, आणि ते त्याला वाहायचं होतं त्याच मेदिचींना, कारण पुन्हा नोकरी हवी होती.

कुणी म्हणेल मग ह्युमॅनिझम म्हणजे राजांची चाकरीच का? तसंही नाही हो. पोलंड बघा. क्राकूव्हमध्ये उत्तम ह्युमॅनिस्ट वातावरण, कोपर्निकस तिथेच शिकला, पण तिथे सरदार वरचढ होते, १५०५ मध्ये ठरलं की त्यांच्या संमतीशिवाय राजाने नवं काही करायचं नाही, आणि हे सरदार आपल्या हक्कांसाठी रोमच्या प्रजासत्ताकाचे दाखले द्यायचे. विद्या तीच, पुस्तकं तीच, पगार देणारा वेगळा.

आणि फ्रान्समध्येच पुढे काय झालं बघा. १५७२ मध्ये पॅरिसला प्रोटेस्टंटांची कत्तल झाली, त्या वेळी बूर्ज शहरातून जीव वाचवून पळालेला कायदेपंडित फ्रांस्वा ओतमान याने १५७३ मध्ये जिनिव्हाला एक पुस्तक छापलं, जुन्या बखरी चाळून त्याने दाखवलं की फ्रँक लोक मुळात आपला राजा निवडायचे आणि नको झाला तर काढायचे. तीनच वर्षांनी, १५७६ मध्ये, पॅरिसला झां बोदँचं पुस्तक आलं. हाही कायदेपंडित, शिक्षण त्याच वळणाचं, ग्रीक-लॅटिन मुखोद्गत, जगभरचे इतिहास वाचलेला. त्याने लिहिलं की सार्वभौम सत्तेची पहिली खूण हीच की ती प्रजेला कायदा देते आणि त्यासाठी तिला प्रजेची संमती लागत नाही.