अर्धा इंच

मशीन ड्रॉइंग हा विषय मी २८ वर्षं शिकवला. फळ्यावर आट्यांचा त्रिकोण काढायचा, ब्रिटिश आट्यांचा कोन ५५ अंश, अमेरिकन आट्यांचा ६०, आणि खडू ठेवता ठेवता पोरांना बजावायचं, "हे परीक्षेला हमखास येतं." माझ्या परीक्षेला ते निवृत्तीनंतर आलं, फोंड्याच्या घराच्या मागल्या पडवीत. मी नापास झालो.

"मामा, तू मेकॅनिकलचा ना?"

भाच्याच्या या वाक्याने सुरू झालेलं एकही काम आजवर धड पार पडलेलं नाही. ताईच्या विहिरीचा पंप अजून माझ्या नावाने ओळखला जातो. पण या खेपेला त्याच्या डोक्यात बिअर होती. बिअर गाळण्याचा छोटा कारखाना काढायचा, अबकारी खात्याकडे कागद गेलेत, तोवर हात बसावा म्हणून एक घरगुती स्टँड उभा करायचा. "परवाना येईस्तोवर त्यातून पाण्याशिवाय काही फिरणार नाही," ही ताईची अट. ती आम्ही अक्षरशः पाळली. आमची त्याहून जास्त लायकीही नव्हती.

बेत सोपा होता. लोखंडी मांडणीवर ५० लिटरची तीन पातेली. पहिल्यात गरम पाणी. दुसऱ्यात भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, ६६ अंशांवर तासभर भिजत ठेवायचं. तिसऱ्यात तो गोड अर्क हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, घालून तासभर उकळायचा. मधे नळ्या, कॉक आणि एक पंप. सिलिकॉनची नळी लावली असती तर दुपारच्या चहापर्यंत काम उरकून आम्ही झोपलो असतो. पण भाच्याने कुठेतरी फोटो पाहिला होता. काटकोनात वळलेल्या चकचकीत स्टीलच्या नळ्या, देव्हाऱ्यातल्या समईसारख्या. मीही भाळलो. आयुष्यभर कागदावर रेघा ओढलेल्या माणसाला आपली रेघ एकदा तरी स्टीलमध्ये बघावीशी वाटतेच.

बाजारात गेलो आणि म्हणालो, "चार सूत, म्हणजे अर्धा इंच, स्टीलची नळी द्या."

दुकानदार म्हणाला, "पाइप की ट्यूब?"

इथेच परत फिरायला हवं होतं. अर्ध्या इंचाची ट्यूब बाहेरून मोजतात, ती भरते १२.७ मिलिमीटर. अर्ध्या इंचाचा पाइप बाहेरून २१.३ मिलिमीटर भरतो, आणि आतून मोजला तरी अर्धा इंच सापडत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दुकानदाराने दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पूर्वी मागल्या बाकावरच्या पोरांकडे पाहायचो.

ट्यूब घेतली. ३०४ ग्रेडचीच आहे हे पटवायला त्याने लोहचुंबक लावून दाखवला. "बघा, चिकटत नाही." आता हलक्या २०२ ग्रेडलाही तो चिकटत नाही, हे मला माहीत होतं, पण दुकानात मास्तरकी करू नये. घरी येऊन नळी वाकवली, गंमत म्हणून वाकलेल्या जागी चुंबक लावला, तर तो हलकेच ओढला गेला! मी तावातावाने बाजारात परत गेलो. अर्ध्या वाटेवर आठवलं, की ३०४ थंड अवस्थेत वाकवलं की जराशी चुंबकीय होतेच. दुकानात शिरून दोन स्क्रू विकत घेतले आणि गुपचूप परतलो.

वाकवणं हे वेगळंच प्रकरण. बेंडरवर ९० अंश वाकवा, सोडलं की नळी तीन-चार अंश मागे येते. म्हणून तेवढं जास्त वाकवायचं. ते जमलं. पहिला बाक असा आला की भाच्याने फोटो काढला. दुसरा बाकही तितकाच देखणा आला, फक्त उजवीकडे जायच्या ऐवजी नळी डावीकडे गेली. आरशात पाहिलं असतं तर बरोबर होती. बायकोने ती उचलून मोगऱ्याला आधार म्हणून रोवली. ३०४ ग्रेडवर चढलेला दुसरा मोगरा फोंडा तालुक्यात नसावा.

सांधे कॉम्प्रेशन फिटिंगचे. नळी कापायची, कानस मारून कड साफ करायची, फेरूल नावाच्या बारीक कड्यासकट तळाला टेकेपर्यंत आत सारायची, नट हाताने घट्ट करायचा, खूण करायची आणि पान्याने सव्वा फेरा. सव्वा म्हणजे सव्वा. पण आपल्याकडे 'घट्ट' या शब्दाला मोजमाप नसतं. "मामा, आणखी एक पाना मारू?" असं भाचा विचारायचा तेव्हा मारून झालेला असायचा. स्टीलवर स्टील फिरताना आटे तापून एकमेकांना असे धरतात की पुन्हा सुटत नाहीत. तसे दोन नट कापावे लागले. दर कापण्याला नळी सूतभर आखूड होते आणि समोरचा कॉक तर जागचा हलत नाही.

याच सुमारास सत्तरीहून काका आले. त्यांच्या तरुणपणी घरची फेणीची भट्टी होती. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ते स्वतःलाच मिळाल्यासारखे आठवडाभर फिरले होते. स्टँडभोवती त्यांनी एक प्रदक्षिणा घातली.

"सांधे किती रे?"

मोजले. बत्तीस.

"आमचं भाण, म्हणजे उकळायचं मडकं, नि लावणी, म्हणजे दारू जमा व्हायचं मडकं. मधे एक नळा. तोंड वारुळाच्या मातीने लिंपलं की वाफ बाहेर यायची बिशाद नाही." आणि नटावर नख वाजवून, "एवढी माती मिळाली नाही होय तुम्हाला?"

मी पाणी सोडलं. कॉम्प्रेशनचा एकही सांधा गळला नाही, हे नोंदवून ठेवा. गळले ते कॉक, सहाच्या सहा. टेफलॉन टेप काढली, पुन्हा गुंडाळली, उलटी गुंडाळली, दहा पदरी गुंडाळली. कॉकाखाली टपटप चालूच. आई ओट्यावरून म्हणाली, "चांगला अभिषेक चाललाय, बेल आणू का?"

शेवटी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका फिटरला बोलावलं. त्याने कॉक तीन फेरे उघडला, आटे नखाने चाचपले आणि म्हणाला, "मास्तर, लग्न जालां, पूण संसार जावचो ना."

कॉक भाच्याने ऑनलाइन मागवलेले, अमेरिकन. त्यांना जोडणारे निपल, म्हणजे आट्यांचे नळीचे तुकडे, फोंड्याचे, ब्रिटिश. अर्ध्या इंचात दोघांचेही इंचाला १४ आटे, म्हणून सुरुवातीला गुण्यागोविंदाने फिरतात. कोन मात्र ५५ आणि ६०. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी मोगऱ्याकडे पाहिलं.

निपल बदलले. मग पंप गुरगुरला आणि पाणी चढेना, कारण शोभेसाठी मी नळीची जी उंच कमान केली होती तिच्यात हवा अडकून बसली होती. कमान कापली. डोळ्यांदेखत कापली. मग उकळलेला अर्क थंड करायचं नळीचं वेटोळं. यीस्टला विशीतलं तापमान लागतं आणि मे महिन्यात आमच्या नळालाच २९ अंशांचं पाणी येतं, तेव्हा वेटोळ्यातून कितीही पाणी फिरवलं तरी त्याखाली उतरणार कसं? मासळी बाजारातून बर्फाची लादी आणली. दोन दिवस पडवीला बांगड्याचा वास होता.

परवा भाचा पेढे घेऊन आला. परवाना मिळाला. स्टँडवरून कौतुकाने हात फिरवत म्हणाला, "मामा, कारखान्यात मात्र एक इंची नळ्या घालूया."

"एक इंची," मी म्हणालो, "म्हणजे बाहेरून मोजून, की नुसती नावाला?"