अंगातली लाईट

"जरा लांब उभे राहा," हे वाक्य परवा एका बँकेच्या वॉचमनने मला अख्ख्या लायनीसमोर ऐकवलं. माझा गुन्हा एवढाच की केवायसीचा फॉर्म देताना माझं बोट काउंटरवरच्या मॅडमच्या बोटाला टेकलं, 'चट्' झालं आणि मॅडम "अगं बाई!" करून किंचाळल्या. पुढचं लायनीने आपापल्या मनाप्रमाणे समजून घेतलं.

थंडीत आमच्या खानदेशातल्या अमळनेरची हवा पापडासारखी कोरडी होते. दमट हवेत अंगावरचा विद्युतभार गुपचूप निघून जातो, कोरड्यात तो जाणार कुठे? त्यात बँकेची रेक्झिनची खुर्ची, माझी पॉलिस्टरची पँट, ॲक्रिलिकचा स्वेटर आणि रबरी तळाचे बूट. घासत उठलं की इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे होतात आणि अंगावर सहज दहा हजार व्होल्ट चढतात. हवेचा एक मिलिमीटर ओलांडायला तीन हजार पुरतात. मॅडमचं बोट तर त्याहून जवळ होतं.

आता वॉचमनचं. चार्ल्स कूलॉम या फ्रेंच इंजिनिअरने १७८५ साली तारेला पीळ देऊन मोजलं होतं, की दोन विद्युतभारांमधलं अंतर दुप्पट केलं तर बळ चौथाईवर येतं. वॉचमनने मला दोन फुटांवरून चार फुटांवर नेलं, म्हणजे शास्त्राप्रमाणे लोकांना माझा धोका चौथाईच उरला. इज्जत मात्र पूर्ण गेली. सारखे भार एकमेकांना ढकलतात असंही शास्त्र सांगतं, पण ते बँकेत चालत नाही. तिथे सगळे सारखेच वैतागलेले, तरी मागचा पुढच्याच्या पाठीला चिकटलेला.

मला मात्र कोणी चिकटेना. अपवाद एका आप्पांचा. धोतर, बंडी, टोपी, पायात चामड्याच्या वहाणा. ते लायन सोडून थेट माझ्याकडे आले.

"काय व्हयनं भाऊ? तुना आंगमा लाईट शे का?"

मी म्हटलं, "तसंच काहीतरी आहे, आप्पा."

"दखू दे बरं." आणि त्यांनी तर्जनी पुढे केली. नख पिवळं, कडेला कापसाच्या बोंडाने ओरखडलेलं. मीही बोट टेकवलं. काही झालं नाही, कारण साठा मॅडमवर खर्च झाला होता. आप्पांचा चेहरा पडला.

"कोठे शे? गई का?"

मला खरं तर तिथेच थांबता आलं असतं. पण समोरचा माणूस आपल्याला खोटारडा समजतोय, हे मला सोसत नाही. मी खुर्चीवर बसलो, जरा रेटून घासलो, उठलो आणि बोट पुढे केलं. चट्! बारीक निळसर ठिणगी उडाली. आप्पा एक पाऊल मागे सरले आणि मग एवढे खूश झाले की दारापाशी बसलेल्या सोबत्याला त्यांनी हाक मारली, "आरे, हाऊ दख, लाईटवाला भाऊ!"

सोबती आला. त्यालाही दाखवावं लागलं. एक पोरगा मोबाईल काढून शूटिंग करायला लागला. वॉचमन पुन्हा आला. मॅडम काउंटरवरून म्हणाल्या, "काय चाललंय तिकडे?" आणि माझ्या फॉर्मची झेरॉक्स त्या गडबडीत माझ्याच स्वेटरला चिकटून बसली. अख्खी पृथ्वी खाली ओढत असताना तो कागद पडत नव्हता. विजेच्या बळापुढे गुरुत्वाकर्षण किती लेचंपेचं आहे, हे मला त्या दिवशी छातीवर कळलं.

"माले काबर नई लागस?" आप्पांनी विचारलं.

एरवी त्यांना असा चटका का बसत नाही, याचं कारण त्यांचं सुती कापड. सूत ओल धरतं, त्यामुळे भार साचत नाही. इथे माझं डोकं फिरलं. कापूस पिकवायचा आपण, तो गाठी होऊन बाहेर जायचा आणि आपल्या अंगावर यायचा पेट्रोलियमपासून केलेला धागा. तेही प्रताप मिलसारख्या कापडगिरणीच्या गावात! सुती शर्टाची किंमत विचारली की मी मुकाट्याने पॉलिस्टरच्या रॅककडे वळतो, आणि भाव पडला म्हणून घरात कापूस साठवून बसलेला शेतकरीही तिथेच भेटतो.

आप्पांचा विचार मात्र वेगळ्याच वाटेने चालला होता. "मंग हाई लाईटवर मनी पाच हारसपावरनी मोटर चालई का?"

मी हिशेब केला. माझ्या अंगातली एक ठिणगी म्हणजे फार तर पाच मिलिज्यूल, म्हणजे अगदी चिमूटभर ऊर्जा. तेवढी मोटर एक सेकंद चालवायची तर मला साडेसात लाख वेळा खुर्चीवरून उठावं लागेल. तिकडे भुसावळजवळ दीपनगरच्या चिमण्या रात्रंदिवस धूर सोडतात आणि इकडे गव्हाला पाणी द्यायला माणूस पाळीच्या लाईटीसाठी मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावर, पायाखाली काय आहे ते बघत. नको तिथे दहा हजार व्होल्ट, हवी तिथे फेज गायब.

"आप्पा, साडेसात लाख वेळा उठ-बस करावी लागेल," मी सांगितलं. "तीही एका सेकंदासाठी."

त्यांनी शांतपणे खुर्ची माझ्याकडे सरकवली. "मंग बठ ना भाऊ. आमनी लाईट रातले बारा वाजता येस. गंज येळ शे."