फोटो तबलजीचा

आर्ट ब्लेकी आणि जॅझ मेसेंजर्स यांच्या ‘मोनिन’ या माझ्या तबकडीवर परवापासून एक चरा आहे, आणि तो पाडणारे तात्या जिन्यात भेटले की अजूनही प्रसन्नपणे माझी चौकशी करतात. न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकीकडे आलेले हे गृहस्थ परवा विरजण मागायला म्हणून आले आणि ऐसपैस बसले. तबकडी नुकतीच सुरू झाली होती.

‘हे गायक का?’ वेष्टनावरचा भला मोठा चेहरा न्याहाळत त्यांनी विचारले.

‘नाही, ड्रम वाजवतात.’

‘म्हणजे तबलजी. मग मुख्य कलाकार कुठे आहेत?’

‘हेच मुख्य. वृंद यांचाच आहे.’

‘आणि चाल कोणाची?’

‘पियानोवाल्याची. बॉबी टिमन्स.’

‘चाल पेटीवाल्याची आणि फोटो तबलजीचा!’ हा अन्याय तात्यांना सहन होईना. बिदागी तरी सारखी वाटली होती का, हेही त्यांना माझ्याकडूनच हवे होते.

इकडे पियानो एकेक ओळ मांडत होता आणि चर्चमधल्या मंडळींनी प्रवचनाला ‘आमेन’ म्हणावे तसे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन तिला दोनच सुरांत दुजोरा देत होते. यानंतर वीस वर्षांचा ली मॉर्गन ज्या बेदरकारपणे ट्रम्पेट घेऊन घुसतो, त्यासाठीच तर मी ही तबकडी घेतली. नेमके तेव्हाच ‘अहो, सुई अडकली आहे, तेच तेच वाजते आहे’ असे म्हणत तात्यांनी सुईला बोट लावले.

हे ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डर यांनी ३० ऑक्टोबर १९५८ रोजी, इथून फार लांब नसलेल्या हॅकेनसॅकला, आपल्या आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात केले. त्या दिवशी तिथे विरजण मागायला कोणी आले नाही, म्हणूनच ते तडीस गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. ख्यालात एकच ओळ अर्धा तास घोळवली तर ती बढत, आणि इथे तीच ओळ चौथ्यांदा आली की सुई अडकली, हा न्याय कुठला? मॉर्गनची शेवटची ओळ उचलूनच सॅक्सोफोनवाला बेनी गोल्सन आपले वादन सुरू करतो, ही खरी दाद देण्याची जागा. तिथे मी सुईला अडकलेला तात्यांच्या शालीचा धागा सोडवत होतो.

येत्या शनिवारी त्यांच्या लेकीकडे नाट्यगीतांची बैठक आहे. मध्ये कोणी बोललेले तात्यांना खपत नाही. मोबाइल घरी ठेवूनच या, असे ते जाताना मला बजावून गेले.