दोन उपासना कशाला?

आज सकाळी आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली. पुढच्या महिन्यापासून रविवारी दोन उपासना. आठ वाजता ज्येष्ठांची, साडेदहाला 'यूथ सर्विस'. खाली लगेच अंगठे आणि 'आमेन'ची रांग. माझा मात्र तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

संडेस्कूल वेगळं, तरुण संघ वेगळा, महिला मंडळ वेगळं. अख्ख्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून बसायचा दीड तास काय तो उरला होता. त्याचीही वाटणी?

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये ती सतरंजीवर बसायची, मी तिला टेकून. घरी मी तिला बायबलमधलं स्तोत्र १०३ वाचून दाखवायचे. एकदा खेळायला पळायच्या घाईत मी मधलंच गाळलं. आजी डोळे मिटूनच म्हणाली, "अगं, 'त्याचे सर्व उपकार विसरू नको' कुठं गेलं?"

तिला हे कुठून आलं? उपासनेत बसून, ऐकून ऐकून. आणि मला तिच्याकडून.

'मुलांना जुनी गाणी नको वाटतात' म्हणे! अहो, कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं गाणाऱ्या मंडळीत त्यांनी अभंग-ओवीच्या वळणाची भजनं आणली. तेव्हा तीच नवी होती! आजीच्या आईच्या पिढीने ती नवी म्हणून उचलली, आजीने पाठ केली, मी तिच्या मांडीवर शिकले. साडेदहाच्या उपासनेतल्या पोराला ती कोण शिकवणार? प्रोजेक्टर?

बरं, मान्य. पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली की मुलं चुळबुळतात. आणि ड्रम वाजले की आमचे काही ज्येष्ठ कपाळाला आठ्या घालतात, हेही खरं. त्यांनीही जरा सोसावं.

पण बायबलमध्ये यरुशलेमच्या मंदिरात बाळ येशूला ओळखलं कोणी? म्हाताऱ्या शिमोनाने त्याला हातांत घेतलं, ८४ वर्षांची हन्ना तिथेच होती. त्या दिवशी लेकुरवाळ्यांची वेळ वेगळी असती तर?

तरुणांवर माझा राग नाही, खरंच नाही. आमच्या कीबोर्डवाल्या मुलाने गेल्या नाताळात पेटी वाजवणाऱ्या काकांना विचारून विचारून एक भजन बसवलं. काका तबल्याच्या बाजूला सरकून बसले आणि त्याला शेजारी जागा दिली. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी ते पाहिलं नाही का? शास्त्रवाचन एखाद्या आजीला आणि तिच्या नातवाला मिळून द्या. वाचता न येणाऱ्या आजीलासुद्धा द्या, ती पाठ म्हणेल, नातू पुस्तक धरेल. माझ्या आजीला कोणी कधी पुढे बोलावलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

येत्या रविवारी उपासना सुटली की मी पंचांना भेटणार आहे. ज्यांना पटतं त्यांनी सोबत या. आणि घरातल्या पोरांनाही आणा, त्यांना कोणी विचारलेलंच नाही.