विहीर तहान लागल्यावरच खणावी

हल्ली एक नवीनच खूळ निघालंय. कुणीही उठतं आणि सांगतं, घरात तीन दिवसांचं पाणी भरून ठेवा, टॉर्च ठेवा, औषधांची पिशवी तयार ठेवा, कागदपत्रांच्या प्रती काढा. असल्या माणसांपासून चार हात लांब राहा. तुमचं घर इतकी वर्षं ज्या सिद्धान्तावर उभं आहे तो म्हणजे ‘आपल्याकडे असलं काही होत नाही’, आणि ही माणसं नेमकी त्यालाच सुरुंग लावायला निघाली आहेत. या सिद्धान्ताला आजवर एकही अपवाद सापडलेला नाही. ज्या घरांना सापडला, ती घरं मोजणीत धरायची नसतात.

आधी हे समजून घ्या, की तयारीला फळ नाही. समजा, तुम्ही एका रविवारी घाम गाळून पुस्तकांचं जड कपाट भिंतीला पक्कं केलंत. पुढे कधीतरी जमीन हलली आणि कपाट जागचं हललं नाही. आता काय करणार? न पडलेल्या कपाटाचा फोटो कुणाला पाठवणार? उलट कपाट पडलं असतं तर? नातेवाइकांचे फोन आले असते, कधी न बोलणारा मेहुणाही भेटायला आला असता, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात सांगायला तुमच्याकडे एक खणखणीत किस्सा असता. तयारी करणारा माणूस या सगळ्या सुखाला मुकतो.

हे फक्त घरापुरतंच खरं आहे असं नाही. १९९९ साली ओडिशावर महाचक्रीवादळ आलं, सुमारे दहा हजार माणसं गेली. ते वादळ आजही लोकांच्या लक्षात आहे. २०१३ च्या ऑक्टोबरात त्याच किनाऱ्यावर फायलिन नावाचं तसंच दांडगं वादळ आलं. या वेळी लाखो लोकांना आधीच सुरक्षित जागी हलवलं होतं, मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. बोला, फायलिन आठवतंय का कुणाला?

तर आता मुद्द्याचं.

टॉर्च घरात जरूर असावा. नसला तर लोक बेपर्वा म्हणतील. मात्र तो कुठे आहे हे एकाच माणसाला ठाऊक असावं आणि त्या माणसाने त्या रात्री घरी नसावं. आतले सेल चार-पाच वर्षांपूर्वीचे हवेत, म्हणजे ते पाझरून स्प्रिंगवर पांढरी पूड धरते आणि टॉर्चचं झाकण कायमचं बसतं. कुणी फारच भुणभुण केली तर ‘मोबाइलला असतो की टॉर्च’ असं सांगून टाका. मोबाइलची बॅटरी तेव्हा बारा टक्क्यांवर असते, हे सांगायची गरज नाही. पॉवर बँकही घेऊन ठेवा, फक्त ती चार्ज करून ठेवू नका. इतका अविश्वास बरा नव्हे.

वीज गेली की सर्वांत आधी फ्रिज उघडा. आत अजून गार आहे का, हे दर दहा मिनिटांनी हात घालून पाहा. दार बंदच ठेवलं तर फ्रिज साधारण ४ तास आणि गच्च भरलेला फ्रीझर ४८ तासांपर्यंत थंडी धरून ठेवतो म्हणतात. पण माणसाने इतका वेळ कुतूहल दाबून ठेवायचं म्हणजे फारच झालं.

आणि वीज जाऊन जाऊन किती वेळ जाणार? ३० आणि ३१ जुलै २०१२ ला भारताच्या उत्तर आणि पूर्व भागात ग्रिड कोसळलं, तेव्हा साठ कोटींहून जास्त लोक अंधारात होते. एवढी गर्दी असली की मनाला केवढा आधार वाटतो! २८ एप्रिल २०२५ ला भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल, दोन अख्खे देश, एकदम बंद पडले. लिफ्ट अडकल्या, मेट्रो थांबल्या, कार्डाने पैसे देता येईनात. ज्यांच्या खिशात रोख होती ती माणसं एका दिवसापुरती श्रीमंत झाली आणि सेलवर चालणारा रेडिओ ज्याच्या हातात त्याच्याभोवती घोळका. आता तुम्हीच सांगा, अशा एका दिवसासाठी माणसाने घरात थोडी रोकड आणि अडगळीतला रेडिओ सांभाळत बसायचं का? आपण पुढारलेली माणसं. पुढारलेल्या माणसाला पाणी प्यायचं असलं तरी आधी नेटवर्क लागतं.

पाण्याचंच निघालं म्हणून सांगतो. माणशी रोज सुमारे ४ लिटर आणि किमान तीन दिवसांची सोय, असा एक हिशेब हे लोक तोंडावर फेकतात. चौघांच्या घराला ४८ लिटर! ठेवायचे कुठे? पलंगाखाली टीव्हीचं रिकामं खोकं आहे, वॉरंटी संपून सहा वर्षं झाली तरी ते टाकता येत नाही. माळ्यावर चाक तुटलेली बॅग आहे. त्या बॅगेत दुसरी बॅग आहे. जागा नाही म्हणजे नाही.

आता थोडं गंभीर बोलू. गॅसचा वास.

मध्यरात्री घरात गॅसचा वास आला तर आपली परंपरा अशी, की आधी दिवा लावून बघायचं वास येतोय कुठून. बटणातली बारीकशी ठिणगीही पुरते, सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत साठून राहतो, तेव्हा बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि फोनही बाहेर जाऊनच करा, असं जाणकार म्हणतात. जाणकारांना काय, म्हणायला पैसे पडत नाहीत. गंमत अशी की या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच, तो मुद्दाम घातलेला असतो. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी एका शाळेत गळलेला नैसर्गिक वायू कुणाच्या नाकाला कळलाच नाही. स्फोट झाला. सुमारे तीनशे जण गेले, त्यांत बहुतेक मुलं. त्यानंतर तिथे वायूत वास मिसळण्याचा कायदा झाला आणि ती रीत पुढे सगळीकडे पसरली. म्हणजे आपल्या नाकाला जी सूचना फुकट मिळते, तिची किंमत त्या शाळेने भरलेली आहे. आपण तिच्यावर रूम फ्रेशनर मारतो.

तव्यावर नाही, पण खोल भांड्यातल्या तेलाने पेट घेतला तर? तांब्याभर पाणी ओता, दुसरं काय. पाणी तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते, वाफ पाण्याच्या सोळा-सतराशे पट जागा मागते आणि पेटलेलं तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करून वर झाकण सरकवलं आणि भांडं निवेपर्यंत ते उचललं नाही, तर आग मुकाट्याने विझते असं ऐकतो. पण त्याचा किस्सा होत नाही, हे वर सांगितलंच आहे.

धूर दिसला तर घाई करू नका. आधी इतरांच्या तोंडाकडे बघा. १९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी एका खोलीत माणसांना फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. एकटा बसलेला माणूस असेल तर चारांतले तिघे उठून सांगायला गेले. शेजारी ढिम्म बसून राहणारे दोघे मुद्दाम बसवले, तर दहांतला एकच उठला. उरलेले डोळे चोळत, खोकत फॉर्म भरत राहिले. कुटुंब म्हणतात ते हेच. घरात पाच माणसं असली की ‘काही नाही, शेजाऱ्यांचं काहीतरी करपलं असेल’ हा ठराव एकमताने मंजूर व्हायला कितीसा वेळ लागतो? जिन्याची काळजी नको. तिथे जुनी सायकल, कुंड्या आणि कुणाचं तरी टेबल आहे, त्यामुळे निवांत, एका रांगेत उतरता येईल.

प्रथमोपचाराची पेटी प्रत्येक घरात असते, तिच्यात हात घालण्याची गरज नाही. गोळ्यांची एक अर्धी पट्टी, जिच्यावरचं नाव फाटून गेलेलं आहे. गोंद वाळलेली चिकटपट्टी. बंद पडलेला थर्मामीटर. नेहमीच्या औषधांचा आठवडाभराचा साठा जास्तीचा ठेवावा म्हणतात, पण औषध संपल्यावरच आणायला जाण्यात जी धाकधूक आहे ती कुठून आणणार? कुणाचं हृदय अचानक थांबलं तर चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. छातीवर दाब कसा द्यायचा हे एका दुपारीत शिकता येतं, पण दुपारी झोप असते. त्या चार मिनिटांत तुम्ही रुग्णवाहिकेचा नंबर इंटरनेटवर शोधू शकता.

नंबरावरून आठवलं. आत्ता फोन बाजूला ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवा. आला? मग तुमच्यात काहीतरी बिघाड आहे. घर सोडावं लागलं तर सगळ्यांनी कुठे भेटायचं, हेही ठरवून ठेवू नका. ठरवलं की शोधाशोध गेली, आक्रोश गेला, आणि गर्दीत अचानक भेट होऊन मिठी मारण्याचा तो क्षणही गेला. मोठ्या संकटात फोन लागत नाहीत तेव्हा दोन शब्दांचा मेसेज बरेचदा निघून जातो. पण मेसेजमधून आवाजातली घबराट पोचत नाही, म्हणून आपण सगळ्यांनी मिळून फोनच लावत राहायचं.

मुलांना यातलं काहीही शिकवू नका. २६ डिसेंबर २००४ ला थायलंडच्या फुकेत बेटावर सुट्टीला आलेल्या टिली स्मिथ नावाच्या दहा वर्षांच्या मुलीने समुद्राचं पाणी विचित्र फेसाळताना पाहिलं. दोनच आठवड्यांपूर्वी वर्गात भूगोलाच्या तासाला त्सुनामी शिकवली होती. पोरगी हट्टाला पेटली, आईबापांना सांगून सांगून अख्खा किनारा रिकामा करायला लावला. सगळ्यांच्या सुट्टीचा विचका. लोक वाचले, ती गोष्ट वेगळी. त्या दिवशीची लाट ज्या भूकंपाने उठली, त्याच्या केंद्रापासून इंडोनेशियाचं सिमेउलुए बेट फार लांब नव्हतं. तिथे ना सायरन, ना कुठलं यंत्र. होत्या फक्त १९०७ सालच्या लाटेच्या गोष्टी आणि अंगाई, ज्या आज्यांनी नातवंडांना ऐकवल्या होत्या : जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला तर डोंगराकडे पळा. पळाले सगळे. पाऊण लाखाहून जास्त वस्तीत सात माणसं गेली. तेव्हा घरातली आजी असलं काही सांगायला लागली तर तिला म्हणा, ‘आजी, नंतर.’

कागदपत्रं एका पिशवीत ठेवण्याचा सल्लाही असाच. एक कागद लॉकरमध्ये, एक मोठ्या भावाकडे, एक त्या खणात ज्याची किल्ली दुसऱ्या खणात, अशी विभागणी असली म्हणजे सगळं एकदम हरवत नाही. एकदम सापडतही नाही.

एक प्रकारची तयारी मात्र मला मान्य आहे, ती म्हणजे खरेदी. पाठीवरची भगव्या रंगाची महागडी बॅग घ्या, तिच्यात शिट्टी, होकायंत्र, सात पात्यांचा चाकू आणि चकाकणारं ब्लँकेट असतं. ती माळ्यावर टाका आणि निर्धास्त व्हा. रेग्युलेटर बंद कसा करायचा, मेन स्विच कुठे आहे, पाण्याचा मुख्य कॉक कुठला, हे घरातल्या प्रत्येकाला दाखवायला एक पैसा लागत नाही, आणि ज्याला पैसा लागत नाही त्याला कसली आलीय किंमत? वादळाचा इशारा आल्यावर दुकानात धावायलाही माझी हरकत नाही. रांगेत जुन्या ओळखी निघतात. पुराच्या पाण्यातून गाडी घालायची असेल तर इंजिनावर विश्वास ठेवा. वाहतं पाणी दोन फूट झालं की बहुतेक गाड्या तरंगायला लागतात, पण तुमची गाडी बहुतेकांतली थोडीच आहे.

जपानी लोकांकडे बघून वाईट वाटतं. १ सप्टेंबर १९२३ ला दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना तोक्यो-योकोहामा हादरलं, जेवणाची वेळ, घरोघर चुली पेटलेल्या, आगी लागल्या आणि लाखाच्या वर माणसं गेली. १९६० पासून त्यांनी तो दिवस आपत्तिनिवारणाचा म्हणून ठरवला आणि दरवर्षी देशभर सराव करतात. थोरामोठ्यांनी टेबलाखाली शिरायचं, काय शोभतं का? आपण सरावाची सूचना वाचतो, ‘हो का’ म्हणतो आणि त्या दिवशी नेमकं काहीतरी काम काढतो.

एवढं करूनही जीव खालीवर होत असेल, तर शेवटचा उपाय सांगतो. तुमच्या आसपास एखादं घर असं असतंच, ज्यांच्या दाराशी पाण्याचे कॅन भरलेले असतात, ज्यांच्या टॉर्चचे सेल दर सहा महिन्यांनी बदलले जातात, ज्यांची मुलं चार नंबर पाठ म्हणतात. आजवर तुम्ही त्यांना हसत आलात. हसू नका. त्यांच्याशी गोड बोला, सणावाराला डबा द्या, त्यांच्या कुत्र्याचं कौतुक करा. त्यांच्याकडे एकूण किती लिटर पाणी आहे याचा अंदाज घ्या, रात्री कुठली बेल वाजते ते पाहून ठेवा. आणि ते बाहेरगावी जाताना किल्ली कुणाकडे ठेवून जातात, तेवढं मात्र आजच विचारून घ्या.