ऑलिव्ह दगडात वाढतं, हे अर्धंच खरं

घरबागेच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. ऑलिव्ह दगडातच वाढतं, त्यामुळे अंगणात कातळ असेल तर उत्तमच. दोन फुटांचा खड्डा घ्या, तळाशी विटांचे तुकडे टाका, वर शेणखत भरा, रोप लावा, पाणी फारसं देऊ नका, तिसऱ्या वर्षी घरचं तेल. सोबत ग्रीस-स्पेनच्या डोंगरउतारांचे फोटो. फोटो खरे आहेत. पण या सूचना पाळल्या तर रोप बहुधा पहिल्या पावसाळ्यातच जातं.

‘दगडातच वाढतं.’ कुठल्या दगडात, हे संदेश सांगत नाही. भूमध्य समुद्राभोवतीचे बरेच डोंगर चुनखडकाचे आहेत. पावसाच्या पाण्यानं तो खडक झिजतो, त्याला भेगा पडतात. मुळं त्या भेगांतून खोल उतरतात आणि जादा पाणीही त्याच वाटेनं निघून जातं. झाडाला हवा असतो तो निचरा. दगड नसला तरी त्याचं काही अडत नाही. देशावरच्या अखंड काळ्या पाषाणात फोडलेल्या खड्ड्यातून पाण्याला वाटच नसते. त्यात तिकडचा पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो, थंड मातीत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर, उबदार मातीत. उबदार आणि साचलेल्या पाण्यात मूळकूज फार वेगानं पसरते.

लक्षणंही फसवी असतात. पानं निस्तेज होतात, माना टाकतात, टोकाकडून वाळतात. बघणाऱ्याला वाटतं तहान लागली, म्हणून आणखी पाणी घातलं जातं. अशा वेळी बुंध्यापासून वीतभर अंतरावर हलकेच उकरून एक बारीक मूळ चिमटीत ओढून पाहा. कुजलेल्या मुळाची तपकिरी साल हातात निघून येते, आत दोऱ्यासारखा गाभा उरतो आणि मातीला आंबूस वास येतो.

म्हणून लावण्याआधी पाणी जिरवून पाहायचं. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा काठोकाठ भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टीनं मोजा. तासाला इंचभर पातळी उतरली तर जागा चालेल. पूर्ण चोवीस तास उलटूनही पाणी दिसलं तर खड्ड्याचा नाद सोडा आणि शेजारी जमिनीवर उंचवटा करा: सहा-सात फूट व्यासाचा, दीड-दोन फूट उंच, कडेनं सिमेंट न लावता रचलेले दगड. भरायला दोन भाग मुरमाड माती आणि एक भाग पोयटा, म्हणजे गाळाची भुसभुशीत माती. नुसती काळी माती नको. ती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. कोकणात जांभ्यावर लावायचं असेल तर आधी मातीचा सामू (पीएच) तपासा. ऑलिव्हला साधारण ६.५ ते ८.५ मानवतो, जांभ्याची माती बहुधा त्याहून आम्लधर्मी असते.

‘तळाशी विटांचे तुकडे टाका.’ हा सल्ला कुंड्यांपासून सगळीकडे पसरलाय आणि तो चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरची माती तुडुंब भिजल्यावरच ते खाली झिरपतं. ओला स्पंज आडवा धरला की थोडं ठिबकून थांबतो, तसाच मातीच्या तळाशी एक ओला थर राहतो. खाली विटांचे तुकडे घातले की तो थर मुळांच्या आणखी जवळ येतो. अखंड कातळात तर खाली उतरलेलं पाणीही तिथंच साचतं.

‘वर शेणखत भरा.’ खताच्या खड्ड्यात मुळं बाहेर पडायचं कारण उरत नाही, ती आतच गोल फिरतात. खत कुजून बसलं की रोप खचतं आणि बुंधा मातीत गाडला जातो. निघालेलीच माती परत भरा, मुठीहून मोठे दगड काढा, चांगलं कुजलेलं खत फार तर दहावा हिस्सा. पिशवीतला मातीचा गोळा उंचवट्यावर इंचभर वरच राहू द्या. उथळ मातीत वाऱ्यानं झाड कलतं, म्हणून पहिली दोन वर्षं काठीचा आधार, बांधणी सैल. लावायची वेळ सप्टेंबरअखेर, मोठा पाऊस ओसरल्यावर.

‘पाणी लागत नाही.’ हे जुन्या, खोल मुळांच्या झाडापुरतं खरं आहे. पहिली तीन वर्षं पाणी द्यावंच लागतं: हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी १० लिटर, मार्च ते मे चार-पाच दिवसांनी १५ ते २० लिटर, तेही बोटभर खोल माती कोरडी लागली तरच.

‘राजस्थानात होतं, मग आपल्याकडे का नाही?’ राजस्थानात २००७च्या सुमारास इस्रायली तज्ज्ञांच्या मदतीनं लागवड सुरू झाली आणि २०१४ मध्ये बिकानेर जिल्ह्यात लुणकरणसरला तेलाचा कारखाना उभा राहिला, हे खरं. पण तिथं ठिबक सिंचन आहे, आणि मुख्य म्हणजे थंडी आहे. ऑलिव्हला फुलकळी धरायला कित्येक आठवडे रात्री एक अंकी तापमान आणि दिवसाही गारवा लागतो. पुण्यात जानेवारीची दुपार ३० अंशांच्या आसपास जाते. आर्बेक्विना, कोरोनेइकी या जातींना थंडी कमी लागते, तरी आपल्या बहुतेक भागांत झाड पानांनी डवरेल आणि फुलणार नाही. सह्याद्रीतलं पारजांभूळ ऑलिव्हच्याच कुळातलं, हाही दाखला दिला जातो. ते सदाहरित जंगलातलं झाड आहे. ते तिथं वाढतं म्हणून ऑलिव्ह इथं फळेल असं होत नाही.

बरणीतल्या ऑलिव्हच्या बिया पेरायचा उद्योगही करू नका. मिठात मुरवून तापवलेलं बी उगवत नाही.

‘तिसऱ्या वर्षी घरचं तेल.’ फळ आलंच, तरी लिटरभर तेलाला जातीप्रमाणे पाच ते आठ किलो फळं लागतात. गर पाणीदार असल्यानं तो लाकडी घाण्याला मानवत नाही. लगदा अर्धा-पाऊण तास घुसळून तेल यंत्रानं वेगळं करावं लागतं. घरी जमतं ते लोणचं. ताजं फळ कडूजहर असतं. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम मीठ घालून त्यात बुडवून ठेवलं की काही महिन्यांनी कडूपणा उतरतो.

देखणं, चंदेरी पानांचं झाड हवं असेल तर उंचवट्यावर ऑलिव्ह जरूर लावा. त्याच मुरमाड जागेतून फळं खायची असतील तर सीताफळ लावा; त्याला थंडीची अट नाही.